रकाना क्रमांक सात

जादा तासाच्या नोंदवहीत सात रकाने.
सहापर्यंत हात सरळ चालतो:
नाव, तुकडी, सहामाहीचे गुण, पत्ता, पालकांचा फोन,
जो लागत नाही, कारण भाऊ घेऊन गेलाय
किंवा विकलाय,
मग हजेरी.
सातव्यावर छापलंय: मागे राहण्याचे कारण.
रुंदी दोन बोटं.

मल्लिनाथ हत्तुरे.
त्याच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो, पहाटे साडेतीनला.
आई दवाखान्यात आया, कायमची रात्रपाळी.
बीजगणिताचा पेपर नेमका पाचव्या दिवशी.
मी लिहिलं: पाणी.
वरच्या कार्यालयातून विचारणा आली,
पाणी म्हणजे काय, खुलासा करावा.

तास भरतो पोषण आहाराच्या खोलीत.
तांदळाच्या पोत्यांवर तिघं, बाकीचे खाली सतरंजीवर,
आणि भिंतीपलीकडं माग.
चादरी विणणारा तो खटखटाट पोरांना ऐकूच येत नाही.
लाइट गेली, माग थांबले, की मात्र
सगळे दचकून वर बघतात,
कुणी काही विचारल्यासारखे.

"समजलं का" मी तीनदा विचारते.
मराठीत सगळ्या माना हलतात.
"अर्थमयिंदा?" म्हटलं की त्यातल्या चार थांबतात.
"तिळीता?" म्हटलं की मल्लिनाथ हसतो,
माझ्या उच्चाराला.
मागून तौसिफ बागवान,
"हमारे को बी पूछो ना मॅडम."

श्रीलता चिप्पा.
पेन धरते कात्रीसारखं.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
हे तिला झोपेतही येतं.
अवयव पाडा म्हटलं की गप्प.
परवा वही मिटून म्हणाली,
"मॅडम, कारखान्यात विड्या तपासताना
सैल, वाकड्या, तोंड न मिटलेल्या
बाजूला काढतात. छाट म्हणतात.
ह्यो वर्ग तसलाच ना?
अ तुकडीची छाट?"

नाही, म्हणाले मी. फार लवकर म्हणाले.
तिला ते कळलं.
"छाटीचे पैसे देत नाहीत," ती म्हणाली,
"पण परतही देत नाहीत, ठेवून घेतात.
आई म्हणते, छाट पेटत नाही
असं कुणी सांगितलं?"

त्या दिवशीचा धडा मी फळ्यावरून पुसला.
रोजची छाट साठ धरू. वर्षाचे दिवस तीनशे.
आईची वर्षं किती? बारा.
मजुरी हजारी दोनशे धरू, सोपं जावं म्हणून.
मल्लिनाथनं एक शून्य खाल्लं,
तौसिफ ओरडला, "काय बे, लाखाचे हजार केलास की!"
खडू तुटला, मागच्या ओळीत भांडण झालं
क्ष कशाला मानायचं यावरून.
दोन लाख सोळा हजार विड्या.
उत्तर आधी श्रीलताचंच आलं:
त्रेचाळीस हजार दोनशे.

ती बराच वेळ आकड्याकडं बघत राहिली,
बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यासारखी.
मग विचारलं, "असलं पेपरात येतं?"
येत नाही, मी म्हणाले.
रीत मात्र हीच असते.
तिनं मान हलवली.
या वेळी मी तीनदा विचारलं नाही.

आता महिनाअखेर. नोंदवही उद्या वर जायची.
श्रीलतापुढं मी रकाना सातमध्ये लिहिलंय
४३,२००.
विचारणा येईल.
खुलासा करायला ती स्वतः येते म्हणतेय.

तौसिफला विचारलं, तुझं काय लिहू रे?
तो फळकुटाच्या गाड्यावरून थेट येतो,
शर्टाला पिकल्या पेरूचा वास.
म्हणाला, "मेरा खाली छोडो मॅडम,
सोचके बताता."

खाली सोडलाय.
अजून नऊ नावं आहेत,
आणि खोलीची किल्ली सातला परत द्यायचीय.